पाळणाघर आणि डॉक्टरांची सही

बडोद्यात पाळणाघराला घोडियाघर म्हणतात. गुजरातीतील घोडियुं म्हणजे पाळणा. आपल्या मराठी घरांतूनही आता हाच शब्द रूढ झाला आहे. शब्द मोठा घरगुती आणि मायेचा आहे, आणि कदाचित म्हणूनच त्यामागच्या व्यवस्थेकडे आपण घरगुती नजरेनेच पाहतो. ‘अमक्या काकूंकडे मुलाला ठेवले आहे’ असे आई सांगते आणि आपण मान डोलावतो. काकूंकडे किती मुले आहेत, त्यांना सांभाळायला किती हात आहेत, ताप आलेल्या मुलाला कोठे निजवतात, हे प्रश्न आपल्या केसपेपरवर येत नाहीत. बालरोगतज्ज्ञ या नात्याने अनेक वर्षे या शहरात व्यवसाय करताना मला असे वाटू लागले आहे की, लसीकरणाच्या तारखांइतकेच हे प्रश्नही वैद्यकीय आहेत.

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील वाड्यांत मूल कोण सांभाळते हा प्रश्नच नव्हता. आजी, आत्या, शेजारच्या ताई, कोणी ना कोणी असेच. (त्या काळात सारे सुखरूप होते असा दावा मी करणार नाही, न्हाणीघरातील हंडे आणि उघडी चूल यांनी भाजलेली मुले तेव्हाही रुग्णालयात येतच.) आता आई-वडील दोघेही नोकरीला, आणि आजी धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला. पाळणाघर ही चैन राहिलेली नाही, ती संसाराची गरज आहे. मुलाला तेथे ठेवणाऱ्या आईला दोष देण्याचा आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांचा जो शिरस्ता आहे, तो मला मुळीच मान्य नाही.

खरे तर या विषयात आपला प्रदेश मागासलेला नव्हता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथेच त्यांच्यासोबत घडल्या आणि पुढे बोर्डी व कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुलाची नखे, केस आणि त्वचा यांची निगा हा शिक्षणाचाच भाग होता. बडोद्यात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना विद्यापीठात गृहविज्ञान शाखा उभी राहिली. त्या शाखेच्या चेतन बालवाडीत लहान मुलांच्या संगोपनाचा शास्त्रीय अभ्यास होत आला. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या निवडक गटांत तत्कालीन बडोदा जिल्ह्यातील छोटा उदेपूर होते. म्हणजे आदिवासी पाड्यावरील अंगणवाडीला निदान एक नोंदवही, एक वजनकाटा आणि एक पर्यवेक्षिका मिळाली. गोत्री किंवा वाघोडिया रस्त्यावरील सदनिकेत भरणारे घोडियाघर मात्र बराच काळ कोणाच्याच वहीत नव्हते.

प्रथम आपल्या रोजच्या व्यवहाराचे बोलू. सोमवारी सकाळी एक आई मुलाला घेऊन येते. परवा ताप होता, तळहातांवर आणि तोंडात फोड आहेत. ‘डॉक्टर, फक्त दोन ओळी लिहून द्या, नाहीतर घोडियाघरात घेत नाहीत, माझी रजा संपली आहे.’ तिची अडचण शंभर टक्के खरी असते. पण आपल्या दोन ओळींची किंमत त्या खोलीतील इतर मुले चुकवतात, आणि ती आपल्यासमोर बसलेली नसतात. माझे स्पष्ट मत आहे की असे प्रमाणपत्र देऊ नये. त्याऐवजी आईच्या कार्यालयासाठी चिठ्ठी द्यावी, त्यावर मुलाच्या आजाराचे नाव आणि दिवस लिहावेत. अशी चिठ्ठी मानणारे अधिकारी कमी आहेत हे मी जाणतो. पण दडपण आणायचे तर ते तेथे आणावे.

अर्थात घरी ठेवणे हे संपूर्ण उत्तर नाही. हात-पाय-तोंडाच्या या रोगाचे विषाणू मूल बरे झाल्यावरही कित्येक आठवडे शौचातून बाहेर पडत असतात. म्हणून लंगोट बदलल्यावर मावशींनी साबण-पाण्याने हात धुणे हाच खरा प्रतिबंध आहे. दारात टांगलेली सॅनिटायझरची बाटली पालकांना सुखावते, परंतु या जातीच्या विषाणूंवर अल्कोहोलचा प्रभाव बेताचाच. लंगोट बदलण्याची जागा आणि खिचडी कालवण्याची जागा वेगळी आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पाळणाघराचे निम्मे निदान होते.

दुसरी गोष्ट औषधांची. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, तर सरबत पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचे. आपण ‘एक चमचा’ असे तोंडी सांगतो, आई ते मावशींना सांगते, आणि पिशवीत मात्र थेंबांची बाटली असते. पाच मिलिलिटर थेंब म्हणजे ५०० मिलिग्रॅम. पाळणाघरात द्यावयाचे औषध आपण वेगळ्या कागदावर, गुजरातीत, मिलिलिटरमध्ये, वेळेसह लिहून दिले पाहिजे. आणि तसा कागद नसेल तर तेथे औषध देऊच नये.

याहून गंभीर प्रश्न गुंगीचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, हे आपण वाचलेले आहे. बाळागोळी गेली, पण मूल निजलेले असावे ही गरज गेली नाही. तिची जागा सर्दीच्या सरबताने घेतली. ‘रात्रीचे सर्दीचे औषध दुपारीही चालेल ना?’ असे विचारणाऱ्या आईला बहुधा कोणीतरी विचारायला लावलेले असते. क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात दूषित सरबताने बालके दगावली, त्यांतील अनेकांवर उपचार नागपूरला झाले. एवढे झाल्यावरही दोन वर्षांच्या मुलाला साध्या सर्दीसाठी अशी बाटली लिहून देण्याचे समर्थन कोणी कसे करील, हे मला समजत नाही.

अपघातांविषयी थोडक्यात लिहितो, कारण कारणे सर्वांना ठाऊक आहेत: पाण्याने भरलेली बादली, शेंगदाणे आणि चणे, खेळण्यातील चपटी बॅटरी, गॅलरीचे गज. घशात दाणा अडकल्यावर वर्षाखालील मुलाला पालथे धरून पाठीवर थाप आणि मग छातीवर दाब, हे मावशींना शिकवायला अर्धा तास लागतो. परंतु अपघाताच्या मुळाशी वस्तूंपेक्षा मोजदाद असते, म्हणजे किती मुले आणि त्यांच्यामागे किती मोठी माणसे. बडोदेकरांना हे निराळे सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे बसवली होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर तरंगण्याची जाकिटे नव्हती. त्या दिवशी बहुधा कोणीच होडीत चढताना मोजले नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार खाजगी प्लेस्कूलमध्ये २० मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस हवी. ही मुले तीन वर्षांवरची; त्याहून लहानांना अधिक हात लागतात हे उघड आहे. एका खोलीत पंधरा रांगती मुले आणि एकच बाई दिसली, तर ती बाई कितीही प्रेमळ असली तरी ते पाळणाघर असुरक्षित आहे.

आता ज्या विषयावर आपल्या मंडळात आवाज खाली येतो, त्याकडे वळतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरातील आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघड झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत, चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. गुन्हा नोंदवण्यास झालेल्या दिरंगाईविरुद्ध लोक रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. खारघरला कॅमेरा होता, पण तो पाहणारे कोणी नव्हते. मूल जखमी झाल्यानंतरच चित्रण पाहिले गेले. म्हणून ‘आमच्याकडे सीसीटीव्ही आहे’ या पाटीने माझे समाधान होत नाही. कॅमेरा पुरावा देतो, राखण करत नाही.

राखण करणाऱ्यांत डॉक्टर येतो. जे मूल अजून धरून उभे राहत नाही, त्याच्या अंगावर काळेनिळे वण सहसा उमटत नाहीत. चार वर्षांखालील मुलाच्या कानावर, मानेवर किंवा धडावर वण, वरच्या ओठाआतील पडदी फाटलेली, वाढीच्या टप्प्याशी न जुळणारी हकिकत, हे पाहून ‘पडला असेल’ असे लिहिणे म्हणजे निदान नव्हे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे १९ वे कलम प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. तपासणीसाठी गुन्हा नोंदलेला असण्याची वाट पाहायची नाही, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती दडवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे असे बजावले.

कायदा आपणास ठाऊक नसतो असे नाही. अडचण वेगळी आहे. आपला मराठी समाज या शहरात जुना आणि लहान आहे. पाळणाघर चालवणाऱ्या बाई कोणाच्या तरी मावससासू असतात, गणेशोत्सवात आपल्याच शेजारी आरतीला उभ्या असतात. ‘उगाच कोणाचे नाव खराब कशाला?’ हे वाक्य मी उत्तम, सज्जन सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. मुलाच्या नावाची काळजी कोणी करायची? शंका कळवणे म्हणजे आरोप सिद्ध करणे नव्हे. ते काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे. १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पाळणाघर चालवणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती ऐकली पाहिजे. गुजरात सरकारने २०२३ साली खाजगी पूर्वप्राथमिक शाळांना नोंदणी आवश्यक केली, तेव्हा इमारतीचा वापर परवाना आणि भाडेकरार या अटींवरून संचालकांनी आंदोलन केले. त्यांतील पुष्कळ स्त्रिया आपल्याच घरातील एक खोली मोकळी करून उपजीविका करणाऱ्या आहेत. कागदाच्या भीतीने त्यांनी पाटी उतरवून काम चालू ठेवले, तर मुले आणखी दृष्टीआड होतील. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी, ज्यांत पाळणाघरांचा नामोल्लेख आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्यावयाची आहे. हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. आणि पालकांनीही महिन्याचे शुल्क देताना हिशेब करावा. तेवढ्या पैशात मावशींना किती पगार पडत असेल, आणि त्या पगारात कोण माणूस टिकेल? दर दोन महिन्यांनी चेहरा बदलणाऱ्या आयेकडून मूल माया कशी लावून घेणार? पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर बंधनकारक झाले आणि तीच तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आली. आपल्यापैकी काहींच्या स्वतःच्या रुग्णालयांत पन्नासाहून अधिक परिचारिका आणि कर्मचारी आहेत. त्यांची मुले दिवसभर कोठे असतात, हे मालक डॉक्टरांनी एकदा विचारून पाहावे.

मंडळापुढे माझी सूचना आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आपल्यातील प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्याजवळचे एक पाळणाघर पाहावे, आधी कळवून, तपासनीस म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. सोबत लसींच्या नोंदीचा तक्ता, आजारी मुलाने किती दिवस घरी राहावे याचा गुजराती कागद आणि घशातील दाणा काढण्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी एक बाहुली न्यावी. बाहुलीचा खर्च मंडळाने करावा. कारेलीबागेतील दोन पाळणाघरांची नावे मी माझ्याकडून कार्यवाहांना दिली आहेत.