हद्दीचा गडगा आणि विहिरीचा कठडा

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीसारख्या गावांत दोन परसांमधली हद्द पूर्वापार गडग्याने, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगड एकावर एक रचून उभारलेल्या भिंतीने राखली जाते, आणि शेजाऱ्यांत जुंपते तीही बहुधा हा गडगा हातभर सरकला यावरून. अशा वादांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये सीमा ठरवण्याच्या आणि सीमाचिन्हे जपण्याच्या तरतुदी आहेत व भूमी अभिलेख खात्याकडून मोजणीही करून घेता येते. सातबारावर सामाईक नावांची रांग असली आणि निम्मे हिस्सेदार परदेशी असले की त्यांची संमती गोळा करतानाच दमछाक होते, हा भाग वेगळा.

या खटाटोपात कुंपणाचे मालकी दाखवण्याचे काम तेवढे जमेस धरले जाते. पलीकडच्या मुलाला अलीकडच्या पाण्यापासून दूर ठेवणे कोणाकडे, हा प्रश्न सहसा निघतच नाही. कठडा खचलेली विहीर पावसाळ्यात रान माजले की दिसेनाशी होते, आणि चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीत पाणी साचले की तिचे सरळ कापलेले काठ बुडणाऱ्याला धरायला आधार देत नाहीत.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने हे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. सामाईक कुंपणाच्या 1991 च्या कायद्यानुसार पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा-निम्मा सोसायचा असतो, मात्र त्याहून वरच्या दर्जाचे कुंपण ज्याला हवे त्याने वाढीव खर्च स्वतः करायचा असतो. जलतरण तलावांचा 1992 चा कायदा तलावाला अडसर घालण्याची जबाबदारी तलावाच्या मालकावर टाकतो आणि 30 सेंटिमीटरहून अधिक खोल पाणी मावणारा, हवा भरून उभा करायचा तलावही त्यातून सुटत नाही. अडसर किमान 1.2 मीटर उंच लागतो, हद्दीचेच कुंपण त्यासाठी वापरल्यास 1.8 मीटर, आणि फाटक आपोआप मिटणारे असावे लागते.

कोकणात मुले एकमेकांच्या खळ्यांत वाढतात, तेथे भिंती उंचावल्या तर शेजारधर्म आटेल, हा आक्षेप खरा असला तरी येथे लागू पडत नाही, कारण अडसर पाण्याभोवती घालायचा आहे, हद्दीवर नव्हे. स्वतःच्या विहिरीचा कठडा उभारायला ना मोजणी लागते, ना शेजाऱ्याची सही. सुटीत गावी जाणाऱ्यांनी मोजणीचा अर्ज भरण्याआधी गवंड्याला विहिरीपाशी न्यावे.