ट्री टोमॅटो : परसात एक लावा, शेडनेटभर नको

सध्या मोबाईलवर "एकदा लावा, वर्षानुवर्षं टोमॅटो तोडा" असं सांगून ट्री टोमॅटोची रोपं विकायला लागलेत. माझं स्पष्ट मत, यात पैसे अडकवू नका.

झाड टोमॅटो-वांग्याच्याच कुळातलं, पण मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं. न्यूझीलंडवाल्यांनी १९६७ साली त्याला टॅमारिलो हे बाजारी नाव दिलं. आपल्या देशात ते निलगिरी, दार्जिलिंग, सिक्कीम अशा थंड डोंगरांत चालतं. रात्री गार नसतील तर फळ नीट धरत नाही. व्हिडिओत काचघर दाखवतात, पण तिकडं ते हिमापासून झाड वाचवायला असतं. आपलं पॉलिहाऊस एप्रिलात बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. मग झाड नुसतं पानांनी माजणार.

फळ यायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर लाईट बिल कोण भरणार? मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात आडवंच. पाणी साचलं की मान टाकतं. मावा आला की व्हायरसपण आलाच. अन् टोमॅटोसारखं कापून भाजीत टाकायचं म्हणाल तर साल कडवट. आतला आंबट-गोड गर खायचा, सिक्कीमकडं चटणी करतात. आपल्या मार्केटला हे कोण घेणार, ते रोपवाल्यालाच विचारा.

हौस असेल अन् गाव थंड असेल तर परसात एक जरूर लावा. भिंतीच्या आडोशाला, निचऱ्याच्या जागी. बीचं रोप उंच जातं, मीटरभर झालं की शेंडा खुडा. काडी लावली तर झाड बुटकं राहतं, घरच्याला तेच बरं.