गाडीनेच जा!

आमच्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान येत्या जुलैत केनिया-टांझानियाला निघालेत. वय अनुक्रमे अडुसष्ट आणि बहात्तर. भाच्याने सगळी आखणी करून दिली आहे ती अशी: नैरोबीहून मसाई माराला विमान, तिथून विमानं बदलत सेरेंगेटी, सेरेंगेटीहून अरुषाला पुन्हा विमान. गाडीत बसायचं ते फक्त जंगलात प्राणी बघायला. "मामी, आठ आठ तास धूळ खात जाऊन बघायचंय काय? मधे काही नसतं," असं तो मला फोनवर म्हणाला.

मधे काही नसतं! हे वाक्य मला पचलेलं नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि आम्ही दोघांनी २०२३ साली हाच प्रवास गाडीने केला. तेव्हा भांडायचा अधिकार मला आहे असं मी समजते. भाचा हे वाचणार आहेच, वाचू दे.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण विमानवाल्यांचा सगळा भर त्यावर असतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण-एक तासात माराला पोचतं हे खरं. पण त्याआधी शहराच्या गर्दीतून विल्सन गाठायचं, सामानाचं वजन करून घ्यायचं (माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत, कडक बॅग चालत नाही) आणि वाट बघत बसायचं. शिवाय ही विमानं आपल्या लाल एस.टी.सारखी असतात. माराच्या माळावर धावपट्ट्या बऱ्याच; एकीवर दोघं उतरव, दुसरीवर तिघं चढव, असं करत जातात. गाडीने नैरोबी ते सेकेनानी गेट पाच ते सहा तास लागतात, आणि नारोकपासून पुढचा जो रस्ता पूर्वी हाडं खिळखिळी करायचा तो आता डांबरी झालाय. मग वाचले किती? दोन-तीन तास. त्या वाचलेल्या तासांत हॉटेलच्या पलंगावर आडवं व्हायचं, कारण दुपारी सिंहसुद्धा झोपलेला असतो.

अरुषा ते सेरोनेरा मात्र सव्वातीनशे किलोमीटर, सात-आठ तासांचा रस्ता. तिथे विमान खरोखरच दिवस वाचवतं, हे मी नाकारत नाही. पण नेमकं त्याच रस्त्याबद्दल मला जास्त बोलायचंय. ते पुढे.

नैरोबी सोडून तासाभरात काय होतं ते सांगते. भूगोलाच्या पुस्तकात खचदरीची अर्ध्या पानाची आकृती असायची. दोन समांतर प्रस्तरभंग, मधला भाग खाली गेलेला. मी दरवर्षी ती फळ्यावर काढायची, आणि दरवर्षी एखादा पोरगा विचारायचा, "बाई, जमीन खचली तेव्हा वरची माणसं कुठं गेली?" आमची गाडी माई माहिऊच्या घाटाच्या तोंडाशी थांबली आणि समोरची जमीन एकाएकी संपली. खाली तांबूस-पिवळं विस्तीर्ण मैदान, त्यात लोंगोनोटचा ज्वालामुखी, २७७६ मीटरचा, माथा कापल्यासारखा. मला ह्यांच्या दंडाला धरावं लागलं. बत्तीस वर्षं खडूने काढलेली रेघ होती ती! विमानातूनही ही दरी दिसते, भाचा म्हणेल. दिसते ना. पण आपण कडेवर उभे राहतो आणि मग त्याच कड्यावरून वळणं घेत तळाशी उतरतो, कान दडे बसतात, हवा गरम होते, झाडं बदलतात, हे विमानात कसं कळणार?

तो घाटरस्ता दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी बांधला. पायथ्याशी त्यांनीच बांधलेलं एक चिमुकलं चर्च आहे, आपल्याकडच्या वाटेवरच्या देवळीएवढं. मायदेशापासून इतक्या लांब, दुसऱ्याच्या रस्त्याचे दगड फोडता फोडता त्यांनी ते बांधलं. ह्याच माई माहिऊजवळ एप्रिल २०२४ मध्ये पुराचा लोंढा येऊन कितीतरी माणसं वाहून गेली. ती बातमी वाचली तेव्हा मला ते गाव डोळ्यांसमोर आलं. रस्त्याने गेले नसते तर नुसतं एक अवघड नाव वाचून पान उलटलं असतं.

पुढे नारोकपर्यंत गव्हाची शेतं. आफ्रिकेत गहू, हे आमच्या बरोबरच्या एका जोडप्याला खरंच वाटेना. दुकानावर 'डुका' लिहिलेलं, गाडीला 'गारी' म्हणतात, मक्याला 'महिंदी', आणि चपाती तर चपातीच. आपले लोक समुद्र ओलांडून तिथे गेले त्याच्या ह्या खुणा. आणि 'सफारी' हा शब्द तरी काय आहे? आपण ज्याला सफर म्हणतो तोच, अरबीतून स्वाहिलीत गेलेला. त्याचा अर्थ प्रवास. त्यात सिंह कुठेच नाही.

पण माझा खरा राग ह्याच्याही पलीकडचा आहे. विमानातून थेट माळावर उतरणारा माणूस दोन प्रकारची माणसं बघतो, एक त्याच्यासारखे पाहुणे आणि दुसरे त्याला वाढणारे. तो परत येऊन सांगतो, आफ्रिका म्हणजे काय सुंदर मोकळी जमीन! मोकळी? माराला कुंपण नाही. जनावरं राखीव जंगलाची हद्द ओलांडून मासाईंच्या जमिनीवर चरतात, आणि त्या जमिनीचे आता वैयक्तिक मालकीचे तुकडे झालेत. कुणी आपला तुकडा पर्यटनासाठी भाड्याने देतो, कुणी तारेचं कुंपण घालून गुरं राखतो. ती कुंपणं आम्ही रस्त्यावरून पाहिली. दोन तारांच्या मधून एक झेब्रा आणि चार गाई एकाच गवतावर चरत होत्या. आपण ज्या दृश्यासाठी लाखो रुपये मोजतो त्याची किंमत रोजच्या रोज कोण मोजतो, ते त्या रस्त्यावर दिसतं.

आता अरुषाचा रस्ता. वाटेत म्टो वा म्बू नावाचं गाव लागतं, अर्थ 'डासांची नदी'. केळीच्या बागा, भाताची खाचरं, कोकणात आल्यासारखं वाटलं. मग घाट चढून कराटू, आणि डांबर संपतं ते न्गोरोंगोरोच्या गेटाशी. (नुसतं पार जायचं असलं तरी फी भरावी लागते, आणि ती कमी नाही. विमानवाल्यांच्या बाजूचा हा एक मुद्दा मीच देऊन टाकते.) पुढे सहाशे मीटर खोल, दोनशे साठ चौरस किलोमीटरचा तळ असलेलं ते विवर. त्याच्या काठावर, रस्त्यालगत, मायकेल ग्झिमेक ह्या जर्मन तरुणाची समाधी आहे. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख बर्नहार्ड ग्झिमेक ह्यांचा हा मुलगा. बापलेकांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून सेरेंगेटीतली जनावरं मोजली. जानेवारी १९५९ मध्ये ह्या विमानाला गिधाड धडकलं आणि मुलगा गेला. बापालाही पुढे तिथेच विसावा मिळाला. त्यांचं काम मोठं होतं, त्यांच्या पुस्तकामुळे आणि चित्रपटामुळे सेरेंगेटी जगाला कळलं. पण राष्ट्रीय उद्यानात माणसं नकोत, तिथली मूळची माणसंसुद्धा नकोत, हेही त्यांचं मत होतं. त्याच सुमाराला मासाईंना सेरेंगेटी सोडून न्गोरोंगोरोच्या बाजूला यावं लागलं. अलीकडच्या वर्षांत तिथूनही त्यांना दूर म्सोमेराला हलवायची सरकारी मोहीम चालू झाली आणि त्यावरून तंटे झाले. समाधीपासून थोडं पुढे गेलं की मासाईंचे बोमे दिसू लागतात, काट्यांच्या कुंपणातली शेणामातीची घरं. दोन्ही एकाच रस्त्यावर. सेरोनेराला आकाशातून उतरणाऱ्याला ह्यातलं एकही दिसत नाही.

त्याच वाटेवर ओल्डुवाईची घळ आहे, जिथे मेरी लीकी ह्यांना १९५९ मध्ये आदिमानवसदृश जीवाची कवटी सापडली. आम्ही तिथे तासभर थांबलो. मी थांबवलं, हे सांगायला नकोच.

आता पाठीबद्दल. भाच्याचा सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. आमच्या ह्यांचा मणका पंधरा वर्षांपासून दुखरा. न्गोरोंगोरो ते सेरेंगेटी हा कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा आहे. चालक हसून म्हणतात, 'आफ्रिकन मसाज, फुकट!' पट्टा बांधून, पुढच्या सीटवर, दर दीड तासाला उतरून पाय मोकळे करत आम्ही गेलो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीत चढले नाहीत. तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले आणि मी एकटीच चित्ता बघून आले. ही किंमत आम्ही मोजली. पण ती मोजायची की नाही हे ह्यांनी ठरवलं होतं, मुलाने नव्हे. "पाठ घरी बसूनही दुखतेच," एवढंच ते म्हणाले.

आणि मुळात माणसं दमतात ती रस्त्याने नव्हे, आखणीने. अंबोसेली, नाकुरू, मारा, सगळं सहा दिवसांत कोंबायचं, रोज बिछाना बदलायचा आणि मग रस्त्याला शिव्या द्यायच्या. एक जंगल गाळा. दोन दिवसांच्या जागी तीन दिवस राहा. गाडीचं भाडं गाडीमागे असतं, विमानाचं माणशी, तेव्हा वाचलेल्या पैशांत तो तिसरा दिवस बराचसा निघतो.

शिवाय गाडीने गेलात की एकच चालक बरेच दिवस आपल्याबरोबर असतो. आमच्या चालकाला चौथ्या दिवशी ह्यांच्या गोळ्यांची वेळ पाठ झाली होती. मुलीच्या शाळेच्या फीबद्दल तो आमच्याशी बोलला, मी तिच्या गणिताबद्दल विचारलं. विमानाने जाणाऱ्याला प्रत्येक मुक्कामी नवा माणूस मिळतो. तो तिथले सिंह जास्त ओळखतो हे कबूल, पण आपल्याला ओळखेपर्यंत आपली निघायची वेळ होते.

सरसकट विमान वाईट असं मी म्हणत नाही. बोट्स्वानात ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात आत रस्तेच नाहीत, तिथे उडायलाच हवं. दक्षिण टांझानियातलं रुआहा फार लांब आहे. एप्रिलच्या पावसात माराची काळी माती आपल्या विदर्भातल्या काळ्या रानासारखी चाकं गिळते, तेव्हाही खुशाल उडा. आणि ज्याला डॉक्टरांनी बजावलंय त्याने माझं ऐकूच नये. पण वन्सं, तुम्हाला डॉक्टरांनी नाही, मुलाने बजावलंय.

तेव्हा जाताना रस्ता धरा. फारच दमलात तर सेरेंगेटीहून परतताना तेवढं एक विमान घ्या, ते मला चालेल. रोज उजाडताच निघा, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, रात्रीचा प्रवास कुणी कितीही सांगितलं तरी नको, कारण रस्त्यावरचा खरा धोका तोच आहे. हवा भरायची उशी इथूनच न्या. आणि नैरोबीहून निघताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा. घाटात दरी त्या बाजूला येते.