आमच्या फुटकळ मतांचे काय?

दि. 19 नोव्हेंबर 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी विधानसभेचे मतदान. आम्ही मतदान अधिकारी क्रमांक एक. केंद्र म्हणजे एका खेड्यातली मराठी शाळा. यंत्रे कोपऱ्यात ठेवून झाली होती, कोतवालाने आणलेले पिठले-भाकरी पोटात गेले होते, डास झोपू देत नव्हते. अशा वेळी चार सरकारी नोकर जे करतात तेच आम्ही करीत बसलो. गप्पा.

विषय अर्थातच क्रिकेट. न्यूझीलंडने नुकतेच भारताला घरच्या मैदानावर तीन कसोट्यांत 3-0 असे धुतले होते. केंद्राध्यक्ष म्हणाले, पुण्यात सँटनरने 13 बळी घेतले, काय टाकतो पोरगा! सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही म्हणालो, वानखेडेवर एजाज पटेलने 11 घेतले, ते अधिक कठीण होते. 147 धावा करायच्या होत्या, भारत 121 वर बाद झाला. एवढ्या कमी धावा हाताशी असताना चेंडूला उंची देत राहायला छाती लागते.

क्षणभर कुणी बोलले नाही. मग एक गुरुजी हसत म्हणाले, "हो सर, तुम्हाला तो आवडणारच."

वाचकहो, माणूस वाईट नव्हता. रात्री त्यानेच आम्हाला आपली जादा चादर दिली. पण सँटनरचे कौतुक हे क्रिकेटचे ज्ञान आणि एजाजचे कौतुक ही आमची जात, हा हिशेब त्याच्या डोक्यात न मांडताच मांडलेला होता. दोघेही न्यूझीलंडचेच! एजाज तर मुंबईत जन्मलेला. म्हणजे मुंबईकर म्हणून कौतुक करायचा पहिला हक्क त्या गुरुजींचा होता.

आमची तक्रार दंगलीची नाही, नोकरीची नाही. त्यांवर आमच्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे, लिहायलाच हवे. आमची तक्रार क्षुल्लक आहे. आम्हाला फुटकळ मत बाळगता येत नाही. चहा पिता पिता बोलावे, उद्या बदलावे, चुकले तर हसावे, असे मत इतर सर्वांना असते. आमचे मत मात्र जबाब असतो. (या लेखात 'आम्ही' लिहितो ती जुनी सवय. हा आम्ही म्हणजे बी.एड. झालेला एक उर्दू शाळेचा मास्तर, अख्खी कौम नव्हे. हे सांगावे लागते यातच सगळे आले.)

दि. 31 जानेवारी 1999 रोजी चेन्नईत पाकिस्तानने 12 धावांनी कसोटी जिंकली. सचिनच्या 136 धावा पाण्यात गेल्या. तरी मैदानातले हजारो लोक उभे राहिले आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या. देशाने त्या प्रेक्षकांचा अभिमान बाळगला, आजही बाळगतो. आता तीच टाळी आमच्या मोहल्ल्यात एकाने वाजवली तर? आमच्या वर्गातल्या एका मुलाने 'मेरा पसंदीदा खिलाडी' या निबंधात बाबर आझमच्या कव्हर ड्राइव्हबद्दल दीड पान लिहिले. चांगले लिहिले होते, आम्ही शेरा दिला. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर. म्हणाला, "सर, वो पन्ना निकाल देव. जमाना खराब है." आम्ही पान फाडून दिले. तो शेरा आमच्या हस्ताक्षरातला होता, हे सांगायला लाज वाटते.

राजकारणाचे तेच. त्या रात्री प्रश्न आलाच: "यंदा तुमच्या लोकांचे काय ठरले?" आमचे! आमच्या घरात चार मतदार, त्यांच्यात तीन पक्ष. निकाल लागला तेव्हा मालेगाव मध्य मतदारसंघात मुफ्ती इस्माईल 162 मतांनी निवडून आले, आणि पडलेले उमेदवारही मुसलमानच. दोघांना लाखाच्या वर मते. या 'एकगठ्ठ्या'ची गाठ कुठे असते, कुणी दाखवावी!

अर्थकारणाची तर गंमतच. आम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 च्या संपात घोषणा देऊन आमचा घसा बसला होता. दरमहा पगारातून 10 टक्के कापले जातात, ते बाजारात जातात, आणि म्हातारपणी हाती काय येईल हे बाजार ठरवणार. यावर आम्हाला मत आहे, तावातावाने आहे. पण आम्हाला विचारतात तलाक, वक्फ आणि लोकसंख्या. पेन्शनचा विषय आम्ही काढला तर एक जण म्हणाला, "पण तुमच्यात व्याज चालत नाही ना?" झाले! घरभाड्याला, पेट्रोलला, मुलांच्या फीला आमचा मजहब कुठे आडवा येतो ते कळत नाही.

पण दोष सगळा बाहेरच्यांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. घरी आमचे मामू एजाजला 'आपला एजाज' म्हणतात. त्याच्या फिरकीतले त्यांना ओ की ठो कळत नाही! मग गुरुजी वेगळे काय म्हणाले? ऑक्टोबर 2021 मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर शमीला लोकांनी गद्दार म्हटले, तेव्हा आम्ही संतापलो. मार्च 2025 मध्ये रमजानात दुबईच्या सामन्यात तोच शमी मैदानावर पेय प्यायला, तर उत्तर प्रदेशातल्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवले. मुसाफिराला रोजाची सवलत आहे, हे मदरशातले पोर सांगेल. दोन्हीकडच्यांना गोलंदाज नको आहे, नमुना हवा आहे. आणि आमच्यातले शहाणे म्हणतात, बाहेर बोलूच नका, हसून सोडून द्या. वीस वर्षे हसून सोडले की मग बोलण्यासारखे काही उरतच नाही. आमच्या स्टाफरूममध्ये पाहा ना. हवामान आणि भाजीचे भाव, बस्स. आमच्या खाला मात्र टी.व्ही.समोर कर्णधाराला शिव्या घालतात आणि दहात आठ वेळा त्यांचे बरोबर निघते. त्यांना कुणी ड्युटीवर बोलावत नाही म्हणून त्या वाचल्या.

त्या रात्री आम्हीही हसलो होतो. "तसं काही नाही हो," एवढेच म्हणालो आणि कूस बदलली. पुढच्या निवडणुकीत ड्युटी लागेलच, ती उर्दू शाळेच्या मास्तरांना चुकत नाही. एजाजचा विषय आम्हीच काढणार आहोत, वानखेडेच्या दोन्ही डावांतले अकरा बळी एकेक करून सांगणार आहोत. मग पेन्शनवर येऊ. रात्र मोठी असते, डास असतातच.