ओल्ड ट्रॅफर्डचे गळके छप्पर आणि मालकीचा प्रश्न

12 मे 2024 रोजी मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल यांच्यातील फुटबॉल सामना संपता संपता मुसळधार पाऊस कोसळला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरावरून पाण्याचे लोट प्रेक्षकांच्या आसनांवर धबधब्यासारखे पडू लागले. जगातील सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या फुटबॉल क्लबांपैकी एकाचे हे मैदान. क्रिकेटप्रेमींना ठाऊक असलेल्या त्याच नावाच्या मैदानापासून ते फार दूर नाही. त्या दिवशी वृत्तपत्रांनी छपराची थट्टा केली. वस्तुतः चौकशी व्हावयास हवी होती ती तिजोरीची. जो क्लब वर्षाला साठ कोटी पौंडांहून अधिक कमावतो, त्याला स्वतःचे छप्पर का शाकारता येत नाही?

हा क्लब उभा केला तो श्रमिकांनी. 1878 साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डबे बांधणीच्या कारखान्यातील कामगारांनी कामाचे तास संपल्यावर खेळण्यासाठी संघ काढला. 1902 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले आणि 1910 मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात मैदान उद्ध्वस्त झाले. 1949 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला जे आठ वर्षांत साधले, ते या क्लबच्या धनाढ्य मालकांना वीस वर्षांत साधलेले नाही. मैदानाचा शेवटचा मोठा विस्तार 2006 सालचा. त्यानंतर लिव्हरपूलने ॲनफिल्डचे दोन भाग वाढविले, टॉटनहॅमने 2019 मध्ये नवे मैदान उघडले, एव्हर्टनही 2025 मध्ये नव्या मैदानात गेला. मँचेस्टरच्या वाट्याला मात्र आराखडे आले. 2022 मध्ये वास्तुरचनाकार नेमले गेले, पण वीट हलली नाही.

याचे कारण व्यवस्थापनाच्या आळसात शोधणे ही फसगत आहे. कारण 2005 सालच्या खरेदीखतात आहे. त्या वर्षी अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंड मूल्याने हा क्लब ताब्यात घेतला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर चढविण्यात आला. तोपर्यंत कर्जमुक्त असलेला क्लब एका रात्रीत ऋणको झाला. सावकाराने कुळाचे घर कुळाच्याच नावावर कर्ज काढून विकत घ्यावे आणि वर व्याजही कुळाकडूनच वसूल करावे, असा हा व्यवहार. इंग्लंडच्या कायद्याने तो वैध ठरविला, एवढाच काय तो फरक!

तेव्हापासून व्याजापोटी क्लबमधून पन्नास कोटी पौंडांहून कितीतरी अधिक रक्कम बाहेर गेली. 2012 मध्ये भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात विकण्यात आले. ती कंपनी नोंदविलेली केमन बेटांवर. आणि कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या प्रत्येक भागाला इतरांच्या दहापट मते. विक्रीतील निम्मा पैसा कर्जफेडीस न जाता कुटुंबाच्या खिशात गेला. पुढे अनेक वर्षे लाभांशही वाटला गेला. मैदानाच्या विटा या रीतीने व्याजाच्या आणि लाभांशाच्या रूपाने समुद्रापार गेल्या. रखडलेला विस्तार हा अपघात नव्हे. तो या हिशेबाचा शिल्लक रकाना आहे.

2024 च्या फेब्रुवारीत रसायन उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला. मँचेस्टर परिसरातच जन्मलेला, लहानपणापासून याच संघाचा चाहता. अनेकांना वाटले, आता घरचा माणूस आला. घरच्या माणसाने प्रथम काय केले? त्याच वर्षी सुमारे 250 नोकऱ्या कापल्या गेल्या आणि 2025 च्या आरंभी आणखी दीडशे ते दोनशे नोकऱ्यांवर कुऱ्हाड पडणार असल्याचे जाहीर झाले. 2024 च्या डिसेंबरात हंगामातील उरलेल्या सामन्यांच्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड झाला. बालकांना सवलत नाही, निवृत्तांना नाही. मालकांच्या कर्जाचा हप्ता भरण्यास पैसा असतो; निवृत्त कामगाराने नातवाला सामना दाखवावा म्हणून मात्र तो नसतो.

आणि मग मार्च 2025 मध्ये घोषणा झाली: जुन्या मैदानाशेजारी एक लाख आसनांचे नवे मैदान, खर्च दोनशे कोटी पौंड. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने भव्य चित्रे रेखाटली. पैसा कोठून येणार, हे मात्र त्या वेळी सांगितले गेले नाही. भोवतालच्या वस्तीच्या 'पुनर्विकासा'साठी सरकारने हात द्यावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली आणि सरकारनेही त्या पुनर्विकासाला पाठिंबा जाहीर केला. पुनर्विकास हा शब्द मुंबईच्या गिरणी कामगारांना चांगलाच परिचित आहे. रस्ते, रेल्वे आणि जमिनीची सोय जनतेच्या पैशाने व्हावयाची आणि वाढलेले मोल खाजगी मालकांच्या खात्यात जमा व्हावयाचे, हा त्याचा रूढ अर्थ. जनतेचा पैसा जेथे लागेल तेथे जनतेची मालकी का नको, हा प्रश्न तेथील प्रत्येक करदात्याने विचारला पाहिजे.

मालकांचे वकील सांगतील की, याच कुटुंबाच्या काळात संघाने पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली आणि 2008 मध्ये युरोपचे अजिंक्यपदही मिळविले. ते खरे आहे. परंतु तो संघ घडविणारे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन 1986 पासूनच क्लबमध्ये होते. ते 2013 मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर लीगचे अजिंक्यपद एकदाही आले नाही. दुसरा युक्तिवाद असा की, माल पसंत नसेल तर ग्राहकाने दुसऱ्या दुकानात जावे. पण पाठीराखा हा ग्राहक नव्हे. आजोबांनी ज्या संघासाठी घसा कोरडा केला, तो संघ नातू दर वाढला म्हणून बदलीत नाही. त्याच्या या निष्ठेवरच तर मालकाची मक्तेदारी उभी आहे!

येथे कोणी म्हणेल, दोष परक्या अमेरिकन मालकांचा. त्यासाठी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या विणकरांच्या गावाकडे पाहावे. तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा 1995 चा लीग विजेता क्लब. 2010 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने तो विकत घेतला. महिन्याभरात प्रशिक्षकाला नारळ मिळाला, 2012 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत आणि 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. संतप्त पाठीराख्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. या मालकांनी क्लबमधून पैसा नेला नाही, उलट बराच ओतला. तरीही पाठीराखे रस्त्यावर आले. याचा अर्थ उघड आहे. मालक लुटारू असो वा दाता, अमेरिकन असो वा पुणेकर. निर्णय त्याचा आणि परिणाम गावाचे, ही व्यवस्थाच रोगाचे मूळ आहे.

मँचेस्टरचे पाठीराखे मुकाट बसलेले नाहीत. 1998 मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या दूरचित्रवाणी कंपनीने क्लब गिळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संघटित विरोध झाला आणि 1999 मध्ये सरकारने तो सौदा रोखला. 2010 मध्ये न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे गळपट्टे बांधून हजारोंनी निषेध केला. 2 मे 2021 रोजी, धनाढ्य क्लबांच्या 'सुपर लीग'चा कट उधळल्यानंतर, ते मैदानात शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तथापि, संघ जिंकू लागला की चळवळ ओसरते आणि हरू लागला की 'चांगला मालक द्या' अशी मागणी होते. या मागणीतच पराभव दडलेला आहे.

पर्यायाची पेरणी मात्र झाली आहे. 2005 मध्येच काही पाठीराख्यांनी वेगळे होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब स्थापिला. एक सभासद, एक मत. आणि 2015 मध्ये लोकभागाच्या साहाय्याने उभारलेले स्वतःचे मैदान. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये 1844 साली कामगारांनी सहकाराचे जे तत्त्व रुजविले, त्याचीच ही शाखा. जर्मनीत तर क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे, हा काही अपवाद सोडता नियमच आहे. आणि तेथील डॉर्टमुंडच्या मैदानात 81 हजारांवर प्रेक्षक मावतात. इंग्लंडने 2025 च्या कायद्यान्वये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. पाठीराख्यांशी सल्लामसलत आता बंधनकारक होईल. सल्ला घेणे म्हणजे सत्ता देणे नव्हे.

सभासदांचे मत कागदावर असले म्हणजे भागले, असेही नाही. साखर कारखान्यांचे सम्राट पाहिलेल्या महाराष्ट्राला हे कोणी शिकवावयास नको. मत हवे आणि ते वापरणारा जागा सभासदही हवा. ओल्ड ट्रॅफर्डवर उद्या कदाचित नवे छप्पर येईलही. परंतु त्याखाली बसणारा माणूस केवळ तिकीटधारक राहिला, तर छप्पर बदलेल, गळती बदलणार नाही.