काखेतला कळसा

बँकांच्या अनेक शाखांत भिंतीवर एक पाटी दिसते. ग्राहकाची महती सांगणारे, महात्मा गांधींच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक वचन तिच्यावर लिहिलेले असते. ते वचन खरोखर गांधीजींचे आहे का, याविषयी शंका घेतली गेली आहे. त्याच्या आशयाविषयी मात्र सहसा कोणी शंका घेत नाही. तरीही व्यवहारात हा मान मिळतो तो दारात उभ्या असलेल्या ग्राहकाला. एकदा माल घेऊन, पैसे चुकते करून गेलेला आणि नंतर न फिरकलेला ग्राहक कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो का आला नाही, असे त्याला कोणी विचारत नाही. नव्या ग्राहकासाठी जाहिरात होते, सवलत निघते, मांडव घातला जातो; जुन्याला साधे एक पत्रही जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे.

या विषयाचा विचार करण्यास भिलाईइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षापासून तेथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. रूळ ही वस्तू दुकानात मांडून विकली जात नाही. कारखाना ती घडवतो आणि भारतीय रेल्वे ती विकत घेते. मधे घाऊक व्यापारी नाही, अडत्या नाही. व्यवहाराच्या भाषेत ही थेट विक्री झाली, आणि तीही दशकानुदशके मुख्यतः एकाच ग्राहकाला.

असा ग्राहक लाभला की विक्रेत्याला वाटते, हा जाणार तरी कोठे? परंतु ग्राहक जुना असला म्हणजे तो बांधलेला असतो, असे नाही. रुळाच्या पोलादात हायड्रोजन वायूचा अंश राहिला तर आत केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि कालांतराने रूळ तुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून रेल्वेने या वायूची कमाल मर्यादा दहा लक्ष भागांत १.६ भाग इतकी कडक केली. ग्राहकाची ही मागणी पूर्ण करण्यासाठी वितळलेल्या पोलादातील वायू निर्वात अवस्थेत काढून घेणारी यंत्रणा आणि काटेकोर तपासणी यांवाचून गत्यंतर नव्हते. दरम्यान २००३ साली छत्तीसगडातच, रायगड येथे, जिंदल स्टील अँड पॉवर या खासगी कंपनीची रेल मिल सुरू झाली. पुढे रेल्वेची गरज वाढली, तेव्हा तिने जागतिक निविदा काढली आणि २०१८ मध्ये जवळजवळ एक लाख टन रुळांची मागणी याच खासगी कंपनीकडे नोंदवली. भिलाईनेही हात बांधून घेतले नव्हते. २०१७ पासून तेथील नव्या मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघू लागला. असे दोन रूळ जोडून २६० मीटरचा रूळ रेल्वेला मिळतो. जोड कमी होतात, म्हणून मार्ग अधिक सुरक्षित होतो. ग्राहकाला जे हवे होते, ते हेच.

या कथेचा बोध साधा आहे. ग्राहकाची तक्रार हा पुढच्या विक्रीचा पहिला मसुदा असतो. जो तो वाचतो, त्याच्याकडे ग्राहक परत येतो. जो वाचत नाही, त्याला निविदा निघाल्यावर जाग येते.

कारखान्याच्या आवाराबाहेर, सेक्टरांच्या आखीव रस्त्यांवर हाच प्रश्न लहान आकारात उभा आहे, आणि तेथे तो अधिक बोचरा आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून अनेक मराठी कुटुंबे कारखान्याच्या नोकरीनिमित्त भिलाईत येऊन स्थायिक झाली. त्यांच्यामागोमाग मराठी चवीची मागणी आली. दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातील कुरडया, सांडगे आणि पापड, घरचा काळा मसाला आणि मेतकूट यांची विक्री घराघरांतून होऊ लागली. कोणी साड्या, कोणी बिछान्याच्या चादरी, कोणी विम्याचे कागद घेऊन क्वार्टरच्या दारी येई. पगाराचा दिवस ठरलेला, पत्ता ठरलेला, शेजार ठरलेला. एका घरी माल पसंत पडला की ओळीतली चार घरे आपोआप ग्राहक होत. असा ग्राहक शोधावा लागत नव्हता, मग जपण्याची गरज कोणाला भासणार?

आता ते दिवस राहिलेले नाहीत. निवृत्ती आणि यांत्रिकीकरण यांमुळे कारखान्यातील कायम नोकरांची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळच घटली आहे. साठाव्या वर्षी नोकरी संपते आणि क्वार्टर सोडावे लागते. कोणी नेहरूनगर, स्मृतिनगर वा रिसालीत घर बांधतो, कोणी मूळ गावी परततो, कोणी मुलांपाठोपाठ पुणे-बंगळूरची वाट धरतो. वीस वर्षे ज्या घरी अनारसे पोहोचले, ते घर एके दिवशी कुलूपबंद दिसते आणि विकणाऱ्या बाईंजवळ त्या कुटुंबाचा नवा पत्ता नसतो. ग्राहक रागावून गेलेला नाही. त्याला अनारसे अजूनही हवे आहेत. तुटला आहे तो केवळ संपर्काचा धागा, आणि तो तुटला याचे कारण कोणी तो हाती धरलाच नव्हता.

यावर उपाय महाग नाही. एक वही पुरेशी आहे. ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तीत लिहावाच; त्याखेरीज काय घेतले, केव्हा घेतले, काय आवडले आणि काय खटकले, हेही लिहावे. चकली तिखट झाली, असे ज्या घराने सांगितले, त्या घरी पुढच्या खेपेस कमी तिखटाची चकली गेली तर दुसऱ्या कोणत्याही जाहिरातीची आवश्यकता उरत नाही. पूर्वी उधारीच्या वहीने हे काम नकळत केले होते. पैसे येणे बाकी असल्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाईक लक्षात राहत असे. २०१६ नंतर यूपीआय आले, पाठोपाठ क्यूआर संकेत भाजीच्या हातगाडीपर्यंत पोहोचला आणि उधारी कमी झाली. हे चांगलेच झाले. परंतु खात्यात जमा झालेल्या रकमेसोबत, माल पसंत पडला की नाही, हे काही उमटत नाही. बँकेचे विवरणपत्र विक्री सांगते. ग्राहक सांगत नाही. तो वहीतच सापडतो.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या महिला बचत गटाने दिवाळीत १२० घरी फराळ दिला. त्यांपैकी निम्म्या घरांनी जरी वर्षातून आणखी दोन वेळा, म्हणजे गणपतीत मोदक आणि उन्हाळ्यात कुरडया मागवल्या, तरी १२० नव्या मागण्या हाती येतात. एकही नवे दार न ठोठावता मागण्यांची संख्या दुप्पट होते. प्रदर्शनात गाळा घ्यावयाचा तर भाडे, वाहतूक आणि उभ्या दिवसाचा रोज मोजावा लागतो. जुन्या ग्राहकाला विचारण्यास एक दूरध्वनी पुरतो. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून असंख्य गटांना कर्जे मिळाली. कर्जाने शेगडी, भांडी आणि कच्चा माल येतो. हप्ता मात्र परतून येणाऱ्या ग्राहकाच्या भरवशावर फिटतो. आयुर्विमा महामंडळाची व्यवस्था या दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागेल. तेथे विमा प्रतिनिधीला पहिल्या हप्त्याप्रमाणेच पुढील हप्त्यांवरही दलाली मिळते, त्यामुळे जुन्या विमेदाराची विचारपूस करण्यात त्याचेही हित गुंतलेले असते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. विचारपूस आणि पिच्छा पुरवणे यांत अंतर किती? दुपारच्या वामकुक्षीत वाजणारे फोन कोणाला नको झालेले नाहीत? हा आक्षेप खराच आहे. नको असलेल्या कॉलपासून नागरिकांना वाचवण्यासाठी २००७ साली राष्ट्रीय नोंदवही सुरू करावी लागली आणि २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला अधिक कडक विनियम आणावे लागले. १९०९ या क्रमांकावर आजही कोणासही आपली नापसंती नोंदवता येते. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याला ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही, आणि सभासदामागे सभासद जोडून पैसा फिरवणाऱ्या साखळी योजनांना मनाई आहे. घरी फराळ करून विकणाऱ्या गृहिणीला हे नियम लागू नसतील. त्यांतील सभ्यता मात्र तिच्याही उपयोगाची आहे.

म्हणून विचारपुशीची मर्यादा विक्रेत्याने स्वतःच आखावी. पहिला संपर्क विक्रीसाठी नसावा. माल पोहोचल्यावर चार-आठ दिवसांनी, तो कसा निघाला, एवढेच विचारावे आणि उत्तर मिळताच आभार मानून थांबावे. दुसरा संपर्क गरजेच्या वेळी व्हावा. कुरडयांची आठवण चैत्रात व्हावी, श्रावणात नव्हे. ग्राहकाने नको म्हटले की ते वहीत नोंदवावे आणि पाळावे. त्याने विश्वासाने दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे. आणि नात्यागोत्याचा वा शेजाराचा संकोच वापरून माल गळ्यात मारू नये. भिडेपोटी झालेली विक्री बहुधा शेवटची ठरते. पुढच्या वेळी तो शेजारी जिन्यातही नजर चुकवू लागतो.

या कसोटीतून बँकांनीही स्वतःला वगळू नये. मुदत ठेवीची मुदत संपत आल्याचे ठेवीदाराला वेळेवर कळवणे ही विचारपूस होय. त्याला नको असलेली योजना त्याच निमित्ताने पुढे करणे हा पिच्छा होय. शाखेत येणारा वयस्क निवृत्तिवेतनधारक दोन महिने दिसला नाही, हे ज्या कर्मचाऱ्याच्या ध्यानी येते, त्याने ग्राहकसेवा या शब्दाचा अर्थ जाणला असे म्हणावे. भिलाईसारख्या निवृत्तांच्या होत चाललेल्या गावात तर या जाणिवेचे मोल अधिकच आहे.

गरज सरो, वैद्य मरो, असे आपल्याकडे ग्राहकाच्या स्वभावाविषयी म्हटले जाते. खरे पाहता बाजारात अनेकदा उलट घडते. पैसे हाती पडले की विक्रेत्याची गरज सरते आणि ग्राहक विसरला जातो. ज्या घरी गेल्या दिवाळीत फराळाचा डबा गेला, ते घर आज कोठे आहे, तेथे कोण राहते आणि त्यांना तो कसा लागला, एवढे तीन प्रश्न विचारण्यास भांडवल लागत नाही. येत्या दिवाळीची पहिली मागणी बहुधा त्यांच्या उत्तरातच दडलेली असेल.