मुळाग्राची साक्ष

इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून 1920च्या दशकापासून त्यात टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, मिसळले जात असे. 1 फेब्रुवारी 2000 पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाल्याने तो विषय संपला, आणि रसायनांची घातकता तपासण्यासाठी कांद्याच्या मुळांवर होणाऱ्या प्रयोगांतून माणसाविषयी तसेही काही कळत नाही, असा पूर्वपक्ष केला जातो.

त्याचे पहिले अंग टिकत नाही, कारण शिसे मूलद्रव्य असल्याने कुजून नाहीसे होत नाही. धुरातून पडलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थराला दीर्घकाळ धरून राहते, आणि अहिल्यानगर–पुणे मार्गालगतची जमीन त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. दुसरे अंग अधिक विचारणीय आहे. शिशाच्या सेंद्रिय संयुगांची अगदी विरल द्रावणेही कांद्याच्या मुळाग्रांतील तर्कुतंतू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे धागे, बिघडवतात आणि त्यामुळे गुणसूत्रांची वाटणी विषम होते, हे स्वीडिश संशोधकांनी 1972 साली दाखवले. हे धागे ज्या ट्युब्युलिन प्रथिनाचे बनतात, ते माणसाच्या पेशीतही असते. पेशीशास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 साली कांद्यावर अभ्यासलेले कॉल्चिसिन, म्हणजे हे धागे बनू न देणारे द्रव्य, पुढे मानवी पेशींचे विभाजन रोखून गुणसूत्रे मोजण्यासाठी वापरात आले, ते याच साम्यामुळे. यकृतात होणारी रासायनिक रूपांतरे मुळाग्रात जशीच्या तशी घडत नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून ही चाचणी इशारा देते, निवाडा नव्हे.

याच कारणाने रस्त्याकडेचा कांदा विषारी ठरवणाऱ्यांचेही म्हणणे ग्राह्य नाही. प्रयोगात मूळ थेट द्रावणात बुडवलेले असते. शेतात पोहोचणारे शिसे ज्वलनानंतर बहुतांशी असेंद्रिय क्षारांच्या रूपात असते आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटते. एवढे अंतर डोळ्याआड करून शेतकऱ्याच्या मालावर शंका घेणे अन्यायाचे आहे.

आज पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखानदारीचाही त्यात वाटा आहे. इथेनॉलवर येथे आक्षेप नाही. इंधनात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मिश्रद्रव्याची परीक्षा विक्रीपूर्वी मुळाग्रावर व्हावी, एवढाच आग्रह आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि कांद्याची मोठी लागवड एकाच जिल्ह्यात असताना ही परीक्षा परक्या प्रयोगशाळेवर सोडण्याची गरज नाही. कांद्याच्या पेशीत अवघी 16 आणि ठळक गुणसूत्रे असतात. काही कांद्यांची बुडे साध्या पाण्यात आणि काहींची मातीच्या अर्कात ठेवून, मुळे फुटल्यावर टोके रंगवून तुटकी किंवा मागे रेंगाळलेली गुणसूत्रे मोजणे महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखालीही साधते.